एक्केचाळीस मिनिटं

सगळे माझ्याकडे कॅसेट घेऊन येतात, पेनड्राइव्ह घेऊन जातात.
बुरशी पुसायची, स्पिरिटनं हेड घासायचं,
बारशी-लग्नं कॉम्प्युटरात ओतायची
आणि रिकामी टरफलं परत द्यायची.
ती कुणी नेत नाही.
माझ्या माळ्यावर निम्म्या दाभोळची लग्नं पडून आहेत.

रुकय्या हमदुले पेनड्राइव्ह घेऊन आली,
धोपाव्याहून, दुपारच्या फेरीबोटीनं.
पिशवीत एक कॅसेट, तांदळाच्या पिंपात जपलेली.
काउंटरवर ठेवताना तिच्यातून तीन दाणे सांडले.

"याच्यातलं त्याच्यात घाल."

चाची, म्हटलं, मोबाइलवर बघा, किती स्वच्छ दिसतं.
"काचेवर बोट ठेवला का नात पळून जाते," ती म्हणाली.
"मना व्हीसीआर कळतो. त्याचा बटण बोटाला लागतो."

भरतीला आमची खाडीही उलटी वाहते,
तिला कोण विचारायला जातं?
मागच्या खोलीतून जुनं मशीन काढलं,
एका टीव्ही-आउटसाठी जिवंत ठेवलेलं.
पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये.

कॅसेटची टॅब मोडलेली.
म्हणजे कुणीतरी, कधीतरी, ठरवलं होतं
की हिच्यावरचं आता पुसायचं नाही.
त्या खाचेवर सेलोटेप लावायला गेलो
तर तिनं मनगट धरलं.

"पयली नुसती जेवणावळ हाय. ती जाऊ दे.
एक्केचाळीस मिनटांनी हे येतात,
कुवेतहून आलेले, पांढऱ्या सफारीत.
तिथं थांब.
नात संपली का हे दिसले पायजेत."

फाइल तिनं मुलाकडून तेवढीच कापून मागवली होती.
आजोबा गेले तेव्हा मुलाचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.

टेपवर कॉपी होत नाही. टेपबरोबर बसावं लागतं.
तासाला तासच लागतो.
आम्ही बसलो, ती स्टुलावर, मी खोक्यावर.
मोबाइल उभा धरलेला, म्हणून दोन्हीकडे काळोख
आणि मधल्या फटीत एक मुलगी, फुगे, केक.
वरखाली कडा कापल्या गेल्या, तिची पावलं दिसेनात.
फ्रॉकचा लाल रंग रेषेबाहेर वाहू लागला.
मी ओशाळलो. ती म्हणाली, "आता बरोबर दिसते."

अकराव्या मिनिटाला माझं कोपर माउसला लागलं.
पांढरा बाण सरकत आला
आणि नातीच्या गालावर बसला.
लगेच हटवला,
पण टेप गिळलेलं परत देत नाही.

चाळिसाव्या मिनिटाला बोट बटणावर ठेवलं.
चाळीस पन्नास.
चाळीस पंचावन्न.
तेवढ्यात जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसर चालू झाला, बल्ब पिवळा पडला,
मी वर बघितलं.

तीन सेकंद. जास्तीत जास्त चार.

मागे घेऊन जोड तपासला.
मुलगी मेणबत्ती विझवते, मग पांढरा पाऊस,
मग पांढऱ्या सफारीतला माणूस,
आधीच हसत असलेला.
कशावर हसला, ते त्या तीन सेकंदांत होतं.

तिनं एकदा बघितलं. दुसऱ्यांदा लाव म्हणाली नाही.
पैसे दिले, दाणे वेचून पदराला बांधले.

जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी परत आली.
पाव किलो जवळा, कागदात.
बाणाचं मी आपणहून कबूल केलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तीट लावल्यासारखा वाटतो."
उरलेलं मी बोललो नाही.

पायरी उतरता उतरता थांबली.
मागं न बघता विचारलं,
"त्या टायमाला दिव्याकडं काय बघत होतास रे?"